धामणीचा दांडा

हैदराबादच्या त्या दुकानात मी आवाज चढवला, हे खरं आहे. मुलगा अजूनही मधूनच ती आठवण काढतो आणि हसतो. म्हणतो, आई, तू तिथं पुन्हा शाळाच भरवलीस. जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईचा आवाज एकदा चढला की तो चार भिंतींत मावत नाही, त्याला माझा इलाज नाही.

दुकान गोल्फच्या सामानाचं होतं. मुलाच्या कंपनीतले लोक रविवारी गोल्फ खेळतात, म्हणून तोही खेळायला लागला आणि त्याच्या मागोमाग सूनही. मी नांदेडहून चार दिवसांसाठी गेले होते. चल म्हणाले, गेले. मला वाटलं, काठी घ्यायची म्हणजे छत्री घेतल्यासारखं असेल. उघडायची, मिटायची, पैसे द्यायचे. पण दुकानदारानं मुलाला जाळीसमोर उभं केलं आणि वीस-पंचवीस चेंडू मारायला लावले. खाली जमिनीवर एक छोटं यंत्र होतं, ते त्याचा हात मोजत होतं. दुकानदार मध्यमवयीन, बोलका माणूस. त्यानं मला खुर्ची दिली आणि समजावलं की काठीच्या या दांड्याला शाफ्ट म्हणतात आणि खेळ सगळा याच्यावर असतो. झटक्यात मारणाऱ्याला ताठ दांडा लागतो, दमानं मारणाऱ्याला लवणारा. उलट झालं तर चेंडू भलतीकडं जातो आणि हिसका हाताला बसतो. मुलगा म्हणाला, मला ताठच द्या. दुकानदार हसला. सगळे साहेब ताठच मागतात म्हणाला, पण यंत्राला भीडमुर्वत नसते.

मग तो सुनेकडं वळला. भिंतीवरची एक बारीक काठी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "भाभी कू ये चलता."

सुनेनं, प्राचीनं, एकही चेंडू मारला नव्हता. नवऱ्याचे वीस मोजले आणि हिचा एकही बघितला नाही. तेव्हा मी ओरडले. "आधी तिला मारू तर द्या! न बघता कसला दांडा देता?" मराठीत ओरडले, पण दुकानातल्या सगळ्यांना कळलं. प्राची लाजली. मग तिनं मारून दाखवलं आणि दुकानदारानं मुकाट्यानं ती काठी परत टांगून दुसरी काढली.

घडलं ते एवढंच. घरी येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. मुलाला वाटलं, आई रागावली. मला मात्र करडईच्या तेलाचा वास येत होता. तेल लावून उन्हात ठेवलेल्या लाकडाचा तो वास पन्नास वर्षांत कुठंच आला नव्हता.

आमचं गाव अहमदपूरपासून तीन कोसांवर. आमच्याकडं सुतारकी नव्हती. घर लिंगायताचं, धंदा शेतीचा. सकाळी कपाळाला विभूती लावून आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतात जायचे आणि दिवस बुडता परत यायचे. पण दांडा घालावा तर आप्पांनीच, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. गावात सुतार होता, तो नांगर-वखर करायचा. दांड्याला मात्र तोही माणसं आमच्याकडं धाडायचा. उन्हाळ्यात कामं थंडावली की आमच्या अंगणात कुऱ्हाडी, कुदळी, खोरी येऊन पडायची. आप्पा वाकसानं लाकूड तासायचे, फुटक्या काचेनं घासायचे, पाचर ठोकायचे आणि करडईचं तेल चोळून दांडा भिंतीला टेकवून ठेवायचे. या कामाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही.

त्यांची रीत एकच होती. माणूस आला की त्याला हत्यार न देता अंगणात उभं करायचं आणि म्हणायचं, "मार बरं एकदा." माणूस रिकाम्या हातानं हवेत घाव घालायचा. नवखा असला तर ओशाळायचा. आप्पा उकिडवे बसून बघत. कुणाचा घाव खांद्यातून निघतो, कुणाचा कोपरातून, कुणाचा नुसता मनगटातून. बघून झालं की उठून लाकूड निवडत. बाभूळ ताठ, ती तापट हाताला. बोर मधली. आणि धामण म्हणजे लाकडातली लेक, असं ते म्हणत. वाकवाल तशी वाकते आणि सोडली की सरळ होते. धामण आमच्याकडं होत नाही. हदगावच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला जंगलात मिळते. तिकडचा एखादा पाहुणा आला तर काखेत दोन-तीन काठ्या घेऊन यायचा आणि आप्पा त्या माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवायचे, जशी अव्वा, म्हणजे माझी आई, तिची इरकली लुगडी ठेवायची.

"माणूस आपल्या ताकदीचं खोटं सांगतो," आप्पा म्हणत. "हात न्हाई सांगत."

आणि दुसरी एक रीत होती, ती घरातच पाळली जायची. आधी लोकांचं, मग आपलं. आमच्या खुरप्याची मूठ वर्षानुवर्षं ढिली असायची. अव्वा म्हणायची, दिव्याखाली अंधार, आणि खुरपं दगडावर ठोकून घ्यायची. ती हे हसत म्हणायची. अव्वाचं हसणं मला आठवतं ते चुलीपुढचं. पहाटे परातीत भाकरी थापायला बसली की त्या आवाजानं आम्ही जागे व्हायचो. थप थप थप, मग जरा थांबायचं, भाकरी फिरवायची, पुन्हा थप थप. इतकं एकसारखं की शेजारची चंद्राक्का म्हणायची, तुझ्या आईच्या हातात घड्याळ हाय.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो कसा आला, का आला हे पुस्तकांत वाचायला मिळतं. मला आठवतो तो रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या भाकरीचा वास, ओल्या पोत्यासारखा. आठवतो विहिरीच्या तळातून घागर खरवडून वर येतानाचा आवाज. बैल नव्हते, त्यामुळे गोठ्यातला शेणाचा वास गेला होता, आणि गोठा असा वासाशिवाय असू शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शाळेत खायला सुकडी मिळायची. ती मी फ्रॉकच्या ओच्यात बांधून माळावर न्यायची, कारण सगळं गाव माळावर असायचं. तिथं अहमदपूरकडं जाणाऱ्या रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं.

गडीमाणसं घणानं मोठे धोंडे फोडत आणि बाया ओळीनं बसून हातोडीनं त्याची खडी करत. शेकडो हातोड्या एकदम वाजायच्या. लोखंड सरकारी होतं, दांडे मात्र ज्याचे त्यानं बघायचे. पहिल्या आठवड्यातच लोकांच्या तळव्यांना फोड आले आणि माणसं आप्पांकडं यायला लागली. मुकादमानंही मोकळीक दिली. जेवणाच्या सुट्टीत आप्पा बाभळीखाली वाकस घेऊन बसत आणि समोर रांग लागे. बायाही येत. आप्पा मान खाली घालून म्हणत, "अक्का, बसून मार बरं एकदा." बाई पदर सावरून बसायची आणि हवेत हात मारायची. आप्पा हाताकडंच बघायचे, तोंडाकडं नाही. त्या नजरेत वावगं काही नव्हतं, हे सगळ्या माळाला माहीत होतं. आपल्या बायकोला रांगेत उभं करताना कुणी मागंपुढं बघितलं नाही.

त्या रांगेत माझी आई नव्हती.

असणारच नव्हती. रांगेसमोर, मुकादमाच्या बाजेवर, माझा आज्जा बसलेला असायचा. बाजूला चार चुलते. अव्वा त्या घरात लग्न होऊन आली त्याला पंधरा वर्षं झाली होती, तरी सासऱ्यासमोर तिनं आप्पांशी एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. पाणी हवं का, एवढंसुद्धा ती माझ्या तोंडून विचारायची. मग सासऱ्यासमोर, भावकीसमोर तिनं नवऱ्यापुढं बसून हात मारून दाखवायचा आणि त्यानं तो बघत राहायचं? जगातल्या सगळ्या बायांचा हात आप्पा बघू शकत होते, एक तिचा सोडून.

तिचा दांडा सगळ्यात शेवटी झाला. बाभळीचा होता, कारण बोर संपली होती. आणि धामण एकच उरली होती, ती आप्पांनी गंगाबाईला दिली. गंगाबाई बिलोलीकडची, नवरा गेल्यावर भावाच्या आसऱ्याला आलेली, हाडाची काडी झालेली बाई. तिचा हात बघून आप्पांनी हातातली बाभूळ खाली ठेवली होती. मग माळ्यावरून ती शेवटची काठी आणली होती. अव्वाचा दांडा त्यांनी न बघता, अंदाजानं केला. मीच विचारलं होतं, आप्पा, अव्वाला मारून दाखवायला नाही लावलं? ते हसले होते. "तुझ्या अव्वाचं काय बघायचं? रोज तर बघतो."

ते रोज बघत होते ती पंधरा वर्षांपूर्वीची अव्वा असावी. भक्कम, तापट हाताची, एका दमात दोन घागरी आणणारी. त्या वर्षीची अव्वा दमानं मारणारी झाली होती. तिच्या ताटातलं आमच्या ताटात येत होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

दोन आठवड्यांत तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. ती हातोडी खाली ठेवून मनगट झटकायची आणि पुन्हा उचलायची. एकदा सुट्टीत गंगाबाई पाण्याला गेली तेव्हा अव्वानं इकडंतिकडं बघितलं आणि तिची हातोडी उचलली. तीन धोंडे फोडले. धामणीचा तो दांडा घावागणिक जरासा लवत होता. अव्वाचा चेहरा असा झाला की मी आजवर तो कुणाला नीट सांगू शकले नाही. तापात कपाळावर ओली पट्टी ठेवली की माणूस डोळे मिटतो, तसं काहीसं. गंगाबाई येताना दिसली तशी तिनं हातोडी होती तिथं, होती तशी ठेवली.

"अव्वा, आप्पाला सांगू?" मी म्हटलं.

"उगं बस." तिनं माझा दंड धरला. "चार गावची माणसं तुझ्या आप्पाचं नाव काढून राहिलीत. घरच्या बाईलाच दांडा जमंना म्हनून बोंब उठवायची हाय का? सांगशील तर माझी आण हाय तुला."

आईची आण. तेरा वर्षांच्या पोरीनं ती मोडायची कशी? मी नाही सांगितलं. शाळेत इतिहास शिकवताना मी पुढं मुलांना शपथा पाळणाऱ्या किती माणसांच्या गोष्टी सांगितल्या. सांगताना दर वेळी मी फळ्याकडं तोंड करायची.

रस्ता पुरा झाला आणि पुढच्या वर्षी पावसानं हात दिला. ज्वारी आली, गोठ्यात बैल आला, वास परत आला. अव्वाची करंगळी आणि शेजारचं बोट मात्र वळलं ते वळलंच. तळवा सपाट होईना. भाकरी थापताना तिचा हात तिरका पडायचा आणि भाकरी फाटायची. काही दिवस तिनं रेटून बघितलं. मग एका सकाळी परात माझ्याकडं सरकवली आणि स्वतः चुलीत काटक्या सारत बसली. माझी थाप वेडीवाकडी; एक जोरात, दोन हळू. आज्जानं विचारलं, सुनेच्या हाताला काय झालं, तर घरात सांगितलं गेलं, वात आहे. चंद्राक्कानं शेकायला निर्गुडीचा पाला आणून दिला. त्या पाल्याचा कडू वास कितीतरी महिने घरात होता आणि आप्पा स्वतः तो पाला तव्यावर गरम करून द्यायचे. तेव्हा मला ते मायेचं वाटायचं.

पुढं आज्जा गेला. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले, शाळेत लागले. आणि लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात गुलाल उधळला म्हणे. जिथं तिथं नव्या पाट्या, नवा रंग, कचेऱ्यांत नव्या लाकडाचा वास. कामाला उस्मानाबादला हेलपाटा घालायचा तो आता लातूरला, म्हणून म्हातारी माणसंही खूश होती. आमच्या त्या खडीच्या रस्त्यावर डांबर पडायचं ठरलं, पण ते यायला बरीच वर्षं गेली. अव्वाला फार हौस होती ते बघायची. मी माहेरी गेले की म्हणायची, "माझी खडी हाय त्याच्याखाली. डांबर पडलं की गाडीत बसून जाऊ त्याच्यावरून, धक्का लागतो का बघू." ते काही झालं नाही. डांबराची पिंपं रस्त्याकडेला येऊन पडली त्याच महिन्यात ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून मातीला देतात. बसवताना कुणीतरी तिचे हात मांडीवर ठेवले. डावा नीट राहिला. उजव्याची ती दोन बोटं शेवटपर्यंत मिटलेलीच राहिली आणि मी ती उघडायचा प्रयत्न करत होते म्हणून बायकांनी मला मागं ओढलं.

दिवस झाल्यावर आप्पांना मी काही दिवस नांदेडला घेऊन निघाले. सकाळची दहाची वेळ. फाट्यावर बाभळीखाली आम्ही एसटीची वाट बघत बसलो होतो. समोर रस्त्याचं काम चालू होतं. पिवळा रोलर उभा होता, डांबर तापत होतं. एका कडेला दहाबारा बाया खडी फोडत होत्या. त्यांच्या हातोड्यांना बाजारातले तयार दांडे होते, सगळे एका मापाचे, एका रंगाचे. दांड्यासाठी आप्पांकडं येणं लोकांनी केव्हाच सोडलं होतं.

आप्पा त्या बायांकडं बघत होते. म्हणजे हातांकडं. जरा वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ती कडंची हाय ना, हिरव्या लुगड्याची. दमानं मारती. दांडा लई ताठ हाय तिला."

माझं डोकं फिरलं. आईची आण तिच्याबरोबर मातीत गेली होती.

"आप्पा," मी म्हटलं, "अव्वाचा हात वातानं नाही गेला. तुमच्या दांड्यानं गेला."

मला वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. वाटलं होतं, विचारतील, तुला कुणी सांगितलं. त्यांनी पटक्याचं टोक हातात घेतलं आणि नुसतेच चाळवत बसले.

"हाव," ते म्हणाले. "तिसऱ्या दिशी कळलं मला."

"कसं?"

"आवाजावरून. हाताला मिळालेला दांडा एगळा वाजतो. एवढ्या शंभर हातोड्यात तिची एकटीची फुटक्या मडक्यावानी वाजायची. कामावर असलो की दिसभर कानात यायची."

"मग बदलला कामून नाही?"

"तुझा आज्जा म्होरं बसलेला असायचा. तुझे चुलते. सगळ्यांम्होरं बायकोचा हात हातात घेऊन बसायचं व्हय?"

"घरी बदलायचा. घरी कोण बघत होतं?"

"घरी बदलला तरी सकाळी माळावर दिसलाच असता की. नवा दांडा लपतो का?" मग फार हळू म्हणाले, "लोक म्हनले असते, आप्पा चुकला. शंभर जणांचे बघितले आन् घरच्या बाईचा चुकला. आज बदलू, उंद्या बदलू म्हनता म्हनता काम सरलं. आन् मला वाटलं, लईच दुखलं तर ती सांगंल."

"तिला वाटलं असेल, तुम्ही बघाल."

त्यांच्या हातातलं पटक्याचं टोक सुटलं.  मला त्यांचा राग आला होता, इतका की त्यांच्या शेजारी बसवत नव्हतं. त्यांचा आला त्याहून माझा जास्त आला. अव्वा नि आप्पा एकमेकांची अब्रू सांभाळत बसले होते आणि तो हात या दोघांच्या मधे रोज थोडा थोडा जात होता, आणि हे बघणारी एकटी मी होते. पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं, हेही खरं.

समोर ती हिरव्या लुगड्याची बाई थांबली. हातोडी खाली ठेवून तिनं मनगट झटकलं.

"उठा," मी म्हटलं. "जा आणि सांगा तिला. दांडा बदल म्हणा."

आप्पा उठायला झाले. काठीवर जोर देऊन अर्धे उठलेही. मग त्यांनी त्या बाईच्या पलीकडं बघितलं. तिथं घमेली वाहणारा एक गडी थांबून आमच्याकडंच टक लावून बघत होता.

"तिचा मालक हाय वाटतं तिथं," ते म्हणाले. "आपुन कोन सांगणार?" आणि पुन्हा खाली बसले.

मी तर बाई होते. शिकलेली, चार वर्गांना गप्प बसवणारी. मला उठून वीस पावलं जायला कुणाची आडकाठी नव्हती. पण जाऊन काय म्हणायचं, ती हसली तर, तिच्या माणसानं काही विचारलं तर, असं मनात चाललं होतं, तेवढ्यात एसटी आली. मी एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं आप्पांना आधार दिला आणि आम्ही चढलो. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतून बघितलं तेव्हा त्या बाईनं हातोडी पुन्हा उचलली होती.